मुदत टळली, दाद बुडाली

माल पिकवावा शेतकऱ्यानें, पैसा वापरावा व्यापाऱ्यानें, आणि तीन वर्षांनीं कोर्टानें शेतकऱ्यालाच रिकाम्या हातीं परत लावावें, हा प्रकार आमच्या खेड्यापाड्यांतून अजून थांबलेला नाहीं. "पुढच्या हंगामांत देतों, आबा," ह्या गोड शब्दावर माणसें बसून राहतात. शब्द विरतो, मुदत मात्र धांवत असते.

1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें उधार विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. पैसे देण्याचा वायदा ठरला असेल तर तो संपल्यापासून, नसेल तर माल हवालीं केल्यापासून ही मुदत मोजतात. ती उलटली, तर प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी कोर्टाला दावा काढून टाकावाच लागतो. उशीराची माफी अपिलाला मिळूं शकते, दाव्याला नाहीं. वकिलाची नोटीस धाडल्यानें किंवा तोंडी कबुलीनें एक दिवसही वाढत नाहीं.

उपाय एकच. मुदतीच्या आंत देणेकऱ्याकडून "इतके रुपये देणें आहे" असें लिहून सही घ्यावी. त्या तारखेपासून नवीं तीन वर्षें मिळतात. कांहीं रक्कम आली, तर तीही त्याच्या सहीनें लिहून घ्यावी.

सावकारांना ही गोष्ट फार पूर्वीं कळली. 1859 चा मुदतीचा कायदा व्याज सांचूं नये म्हणून झाला. पण सावकारांनीं दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत घालून रयतेकडून नवे रोखे लिहून घेतले. 1875 सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपे येथें रयतेनें वह्या व रोखे जाळले, त्या संतापाचें एक मूळ येथें होतें. कायदा दोघांनाही एकच. वाचतां मात्र एकालाच येत होतें.

आतां तशी सबब आमच्याजवळ नाहीं. घरोघर मुलेंमुली शिकलीं आहेत. तरी कांहीं बांधव म्हणतात, "सही मागितली तर शेट रागावेल, पुढें बांधावर येणार नाहीं." आम्ही त्यांस विचारतों, जो देणें तोंडानें कबूल करतो पण कागदावर करीत नाहीं, त्याचें येणें तुमच्या काय कामाचें?

खुंटीवरच्या काट्याच्या चिठ्ठ्या आज रात्रींच खालीं काढा. लेकीकडून तारखा वाचून घ्या. जिला अडीच वर्षें झालीं असतील, ती घेऊन उद्यां सकाळींच निघा.