ढिल्या पट्ट्याची वकिली

जुन्या घड्याळाचा पोलादी पट्टा सैल झाला की तो ‘ताणला’ असे आपण म्हणतो, आणि इथेच निम्मा खटला हरतो. पोलाद म्हणजे रबर नव्हे. मनगटाच्या ओढीने ते लांबत नाही, झिजते. कडी आणि पिन यांच्यामध्ये घाम, मीठ, वाळू यांचा चिखल बसतो; तो वर्षानुवर्षे कानशीप्रमाणे घासतो; पिन बारीक होते, भोक रुंदावते. अशा केसाएवढ्या फटी डझनभर जमल्या की आडवा धरलेला पट्टा मान टाकतो. दुखणे सांध्यांचे आहे. आणि सांधे दुखतात म्हणून आजोबांना कोणी बदलून आणीत नाही!

ब्लाँपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरिनर’ ही १९५३ सालची घड्याळे पाणबुड्यांची हत्यारे म्हणून जन्मली. त्या काळच्या रोलेक्स पट्ट्यांच्या कड्या भरीव नव्हत्या. पातळ पत्रा दुमडून केलेल्या, कडेला रिव्हेट ठोकलेल्या. असे पट्टे घडविणारा जिनीव्हाचा गे फ्रेअर हा कारखाना १८३५ सालचा. १९९८ साली तो रोलेक्सनेच विकत घेतला. पोकळ कडी लवकर झिजते हे खरे. परंतु कुशल हाताला ती उघडून आत नवी पिन बसविता येते, हेही तितकेच खरे.

काचेच्या टेबलामागचे साहेब मात्र ‘नवा घ्या’ एवढाच मंत्र जाणतात. माझा एक माजी विद्यार्थी वडिलांचे घड्याळ घेऊन गेला, तेव्हा त्याला हेच ऐकावे लागले. वर जुना पट्टा ‘भंगार’ म्हणून ठेवून घेण्याची तत्परता! त्याने तो परत मागितला, हे उत्तम केले.

दुसरा पक्ष संग्राहकांचा. त्यांना ‘अस्सल’ हवे, म्हणून ते दुसऱ्या घड्याळाचा पट्टा उतरवून याला चढवितात. एक सजले, एक उघडे पडले. यात अस्सलपणाची बेरीज किती झाली, हे चौथीतला मुलगाही सांगेल.

‘मास्तर, समुद्रात तुटला तर?’ प्रश्न रास्त आहे, तिथे माझा हट्ट नाही. पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या स्प्रिंगच्या दोन दांड्या जरूर नव्या घाला. त्या बदलण्यासाठीच असतात. बुडी मारायचीच तर घड्याळात पाणी शिरत नाही याची चाचणी करून घ्या आणि नायलॉनचा पट्टा लावा. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली ज्याचे प्रमाण ठरविले तो पट्टा दोन्ही दांड्यांखालून एकसंध जातो. एक दांडी निखळली तरी घड्याळ तळाला जात नाही. जुना पट्टा तेवढा वेळ कपाटात विसावेल.

एरवी कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश, एवढ्याने निम्मा चिखल निघतो. उरलेले काम घड्याळजीचे. दुरुस्ती मागणारे गिऱ्हाईक सरले की दुरुस्त करणारा हातही सरतो, आणि ‘हे दुरुस्त होत नाही’ हे आजचे खोटे उद्या खरे ठरते. तेव्हा वाचकहो, ढिला पट्टा घेऊन त्याच्याकडे जा, घासाघीस न करता मजुरी द्या, आणि कड्या घासून चकचकीत करू नका म्हणून बजावा. घासून गेलेले पोलाद कोणताही कारखाना परत देत नाही.