गेमवर खापर फोडून झालं असेल, तर…

कुठल्याही देशात शाळेत हिंसा झाली की आपल्या फॅमिली ग्रुपवर तासाभरात निकाल लागतो: ‘हे सगळं त्या गेममुळं.’ मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे सर्व्हर कोसळल्यावर कुणी असं छातीठोक कारण सांगितलं, तर त्याला पहिला प्रश्न येतो: तेच कारण शेजारच्या सर्व्हरवरही आहे, मग तो चालू कसा?

जपान-कोरियातली पोरं गेम खेळण्यात कुणाला हार जात नाहीत. तिथल्या शाळांत असे गोळीबार का होत नाहीत?

१४ डिसेंबर २०१२. चीनच्या हनान प्रांतात एक माणूस चाकू घेऊन प्राथमिक शाळेत शिरला. वीसहून जास्त मुलं जखमी झाली, पण सगळी वाचली. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत शिरलेल्याकडे आईची रायफल होती. २० मुलं आणि ६ मोठी माणसं मेली. माथेफिरू दोन्हीकडे होता, फरक हत्यारानं पडला. ब्रिटननं हे १९९६च्या डनब्लेन हत्याकांडानंतर ओळखलं आणि खासगी हँडगन बंद केल्या.

पण राग येतो कुठून? जर्मनीतलं एरफुर्ट बघा, २००२. शाळेतून काढून टाकलेल्या १९ वर्षांच्या मुलानं १६ जणांना मारलं, त्यात बहुतेक शिक्षक. तिथल्या नियमानं बारावीची परीक्षा हुकली की हातात दहावीचंही प्रमाणपत्र नाही. घरी त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी काउंटर-स्ट्राइकला झोडपलं. सरकारनं मात्र नेमबाजांच्या बंदुकीचं वय वाढवलं आणि दहावीनंतर प्रमाणपत्राची सोय केली. त्याच्या गुन्ह्याला यानं माफी मिळत नाही. पुढच्या मुलाला मात्र एक वाट मिळते.

आपल्याकडे बंदूक सहज मिळत नाही, म्हणून आपण सुटलो असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं २००९मध्येच शाळेतला मार आणि मानसिक छळ बंद केला. तरी ‘आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?’ हे वाक्य प्रत्येक गेट-टुगेदरला हसत हसत म्हटलं जातं. बिघडलं ते हेच, की आपल्याला त्यात हिंसा दिसेनाशी झाली.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाचा फोन तपासण्याआधी त्याला एवढंच विचारा: नापास झालास तर घरी सांगशील का? उत्तर ‘नाही’ आलं, तर फोन तसाच राहू द्या. आधी घर तपासा.