तिकिटाला कायदा कशाला?



१२ सप्टेंबर १९९६ ला महिला आरक्षण विधेयक लोकसभेत मांडले गेले. कायदा व्हायला २०२३ साल उजाडले. तोही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, या अटींसह. २०२४ च्या निवडणुकीत ५४३ खासदारांत बाया निवडून आल्या ७४.

पंचायतींत ७३ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या ५० टक्क्यांवर नेल्या. तिथे असे थांबावे लागले नाही. का? सरपंचपद देताना खासदारांची स्वतःची खुर्ची जात नव्हती!

पण पक्षाचे तिकीट बाईला द्यायला जनगणना लागत नाही. यापुढे मते मागायला कोणीही वस्तीत आले, की एवढेच विचारूया: तुमच्या पक्षाने बायांना तिकिटे किती दिली?