धूमकेतूची धूळ आणि वर्गातली टीप

मराठी कवितेत वा नाटकात ‘धूमकेतू’ हा शब्द आला, की आपण वर्गात एकच टीप सांगतो : अनिष्टाचे सूचक, उत्पाताचे प्रतीक. ही टीप परंपरेला धरून आहे. पण ती पुरेशी नाही, असे आमचे मत आहे.

१९ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सायडिंग स्प्रिंग’ हा धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. महिनाभरापूर्वीच तेथे पोचलेल्या आपल्या मंगळयानाला त्या वेळी ग्रहाच्या आडोशाला ठेवण्यात आले होते. धूमकेतू आदळला नाही. त्याची धूळ मात्र सेकंदाला ५६ किलोमीटर वेगाने मंगळाच्या विरळ वातावरणात शिरली आणि तिची वाफ झाली. अमेरिकेच्या ‘मेव्हन’ यानाला वरच्या थरांत मॅग्नेशियम, लोह, सोडियम अशा धातूंचे आयन आढळले. काही दिवसांपुरते का होईना, त्या आकाशाचे द्रव्यच बदलले.

बुधाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे वातावरण जवळजवळ नाहीच; तरीही ‘मेसेंजर’ यानाला दर बुधवर्षी, म्हणजे ८८ दिवसांनी, ठरावीक वेळी कॅल्शियम वाढलेले दिसे. एन्के धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीच्या माऱ्याने ते पृष्ठभागावरून उडत असावे, असे संशोधक मानतात. धूमकेतू दृष्टीआड होतो. त्याची धूळ काम करीत राहते.

पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या जयंत नारळीकरांनी ‘धूमकेतू’ या कथेत जुन्या टीपेशीच वाद मांडला होता : एकीकडे धूमकेतूला वळवण्याची वैज्ञानिकांची धडपड, दुसरीकडे घरातला शांतियज्ञ. २०२१ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये ते गेले. तरीही त्यांचे लेखन ‘विज्ञानसाहित्य’ या कप्प्यात ठेवून साहित्याचे अध्यापक मोकळे होतात.

काव्याचे सत्य दुर्बिणीने तपासू नये, हा आक्षेप आम्हांलाही मान्य आहे. जुनी प्रतिमा खोटी ठरवण्याचा प्रश्नच नाही. परंतु न आदळता, केवळ जवळून जाऊन दुसऱ्याचे आकाश बदलणारा धूमकेतू ही प्रतिमा मराठीला उपलब्ध असताना विद्यार्थ्याच्या हाती फक्त अपशकुन द्यावा, हे भाषेच्या दृष्टीने दारिद्र्याचे लक्षण होय. उद्याचा कवी याच वर्गात बसलेला असतो. त्याच्यासाठी त्या टीपेत आणखी एक ओळ घालायला काय हरकत आहे?