विश्लेषण : युरोपच्या ‘पिल्सनर’ बिअरचा कडवटपणा धोक्यात का आलाय?

सोनेरी रंग, वर पांढरा फेस आणि घोट गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारा हलका कडवटपणा. जगभरात आज सर्वाधिक विकली जाणारी बिअर साधारण अशीच असते आणि तिचं मूळ चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात आहे. पण हा कडवटपणा ज्या हॉप्सच्या वेलीतून येतो, तिलाच वाढत्या तापमानाचा फटका बसतोय. नेमकं काय बिघडतंय? त्यामुळे चवीत काय फरक पडेल? आणि मुळात ही बिअर कशी ओतायची, कशी चाखायची, कशासोबत घ्यायची?

संशोधन काय सांगतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेक विज्ञान अकादमीच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या या अभ्यासात चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या हॉप्स पिकवणाऱ्या भागांची अनेक दशकांची आकडेवारी तपासली गेली. १९९४ च्या आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना केल्यावर तीन गोष्टी समोर आल्या. हॉप्स सुमारे २० दिवस लवकर पिकू लागले आहेत. हेक्टरी उत्पादन जवळपास ०.२ टनांनी घटलं आहे. आणि कडवटपणा देणाऱ्या ‘अल्फा आम्लां’चं प्रमाणही कमी झालं आहे.

पुढचा अंदाज जास्त चिंतेचा आहे. शेतीच्या पद्धती बदलल्या नाहीत, तर २०५० पर्यंत या भागातलं पारंपरिक सुगंधी हॉप्सचं उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी आणि अल्फा आम्लं २० ते ३१ टक्क्यांनी घटू शकतात, असं हा अभ्यास म्हणतो.

म्हणजे दुहेरी मार. उदाहरणादाखल, उत्पादन १० टक्क्यांनी आणि अल्फा आम्लं २५ टक्क्यांनी घटली असं धरा. मग त्याच एक हेक्टर शेतातून मिळणारा ‘कडवटपणा’ जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो.

हॉप्स इतके महत्त्वाचे का?

बिअरमध्ये मुख्य घटक चारच : पाणी, मोड आणून वाळवलेलं सातू म्हणजे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. हॉप्स ही उंच वाढणारी वेल. तिची हिरवी, शंकूच्या आकाराची फुलं बिअरमध्ये वापरतात. माल्टमुळे गोडवा येतो, हॉप्समुळे तो कापला जातो. हॉप्स नसतील तर बिअर गुळमट लागते आणि लवकर खराबही होते.

प्लझेनची बिअर ज्या हॉप्ससाठी ओळखली जाते, ते ‘साझ’ जातीचे. झातेत्स या चेक गावाच्या जर्मन नावावरून हे नाव पडलं. या गावाला आणि भोवतालच्या हॉप्सच्या मळ्यांना सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. वारशाचा हा मान आणि धोक्याचा इशारा देणारा अभ्यास, दोन्ही महिन्याभराच्या अंतराने आले.

साझमध्ये मुळातच अल्फा आम्लं कमी असतात, साधारण ३ ते ४ टक्के. अमेरिकेतल्या अनेक नव्या जातींमध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढे असतं. मग त्याच का वापरू नयेत? कारण साझची ओळख कडवटपणाच्या मात्रेत नाही, त्याच्या सौम्य पोतात आणि सुगंधात आहे. सुकलेलं गवत, मिऱ्याची हलकी झाक, रानातल्या पाल्याचा वास असं काहीसं. जात बदलली तर बिअर कडू होईल, पण ती प्लझेनची राहणार नाही.

ही बिअर जन्माला कशी आली?

१८३८ मध्ये प्लझेनच्या नागरिकांनी खराब बिअरचे ३६ पिंप नगरभवनासमोर ओतून दिले, ही घटना प्रसिद्ध आहे. त्यानंतर शहरातल्या मद्यनिर्मितीचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवा कारखाना उभारला आणि शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल या कारागिराला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलने पहिला घाणा काढला.

त्याच्या हाती चार गोष्टी जुळून आल्या. फिकट भाजलेलं माल्ट, प्लझेनचं अतिशय मृदू पाणी, झातेत्सचे हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करणारं बव्हेरियन यीस्ट. ‘लागर’ हा शब्दच जर्मनमधल्या ‘साठवणे’ या अर्थाच्या शब्दातून आलाय. ही बिअर थंड तळघरात आठवडे न् आठवडे मुरवली जाते.

गडद बिअरमध्ये भाजलेल्या धान्याची चव लहानमोठे दोष झाकते. फिकट लागरमध्ये लपायला जागाच नसते. म्हणून हॉप्स जरा जरी बदलले तरी जाणकाराच्या जिभेला कळतं.

ओतण्याची पद्धत का महत्त्वाची?

आपल्याकडे फेस म्हणजे फसवणूक, असा समज आहे. चेक पबमध्ये उलट आहे. तिथे नेहमीच्या पद्धतीने ओतलेल्या ग्लासात साधारण तीन बोटं दाट, ओलसर फेस असतो. त्या पद्धतीला ‘ह्लादिंका’ म्हणतात. जवळपास पूर्ण ग्लास फेसाचाच असेल, तर ते ‘म्लीको’ म्हणजे दूध. ते गोडसर लागतं आणि लगेच संपवायचं असतं.

फेस बिअरचा हवेशी संपर्क कमी करतो, म्हणजे तिची ताजी चव टिकते. आणि फेस टिकवण्यात माल्टमधल्या प्रथिनांसोबत हॉप्समधल्या कडू घटकांचाही हात असतो. म्हणजे हॉप्स कमकुवत झाले, तर फेसावरही परिणाम होऊ शकतो.

घरी ओतताना तीन गोष्टी पाळल्या तरी पुरे. ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहू देऊ नका आणि ओतण्याआधी तो थंड पाण्याने विसळा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास स्वच्छ नाही असं समजा. थेट बाटलीतून पिऊ नका, कारण वास घ्यायला जागाच उरत नाही. आणि अगदी बर्फासारखी गार करू नका. ५ ते ८ अंश सेल्सिअस पुरे. त्याहून गार बिअरमध्ये जीभ बधिर होते आणि सुगंध दबून जातो. ‘एकदम चिल्ड’ हवी असण्याची आपली सवय खरं तर चव लपवणारी आहे.

चाखताना काय पाहायचं?

आधी रंग : स्वच्छ, सोनेरी. मग वास : ताजी पोळी किंवा पाव आणि मागून हॉप्सचा गवती सुगंध. मग घोट : सुरुवातीला माल्टचा गोडवा, शेवटी कडवटपणा. तो घशात टोचत राहता कामा नये, दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बिअर जुनी झाली आहे. कुबट, उग्र वास आला, तर तिला प्रकाश लागला आहे. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू घटकांपासून दुर्गंधी देणारं गंधकयुक्त संयुग तयार होतं. तपकिरी बाटली यापासून बरंच संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक बाटली फारसं देत नाही. म्हणून विकत घेताना ब्रँडइतकीच उत्पादनाची तारीख पाहावी आणि उन्हात मांडलेली बाटली टाळावी.

सोबत काय खायचं?

चेक जेवणात या बिअरसोबत भाजलेलं डुकराचं मांस, आंबट कोबी आणि कणकेचे उकडलेले गोळे, किंवा तळलेलं चीज असतं. त्यामागचं गणित सोपं आहे. कडवटपणा आणि बुडबुडे तोंडातला स्निग्धपणा कापतात, तर मिठामुळे कडवटपणा सौम्य होतो.

हेच गणित आपल्या ताटाला लावलं, तर बोंबील फ्राय, सुरमईची तुकडी किंवा कुरकुरीत कोथिंबीर वडी यांच्यासोबत ती छान जुळते. झणझणीत तांबडा रस्सा किंवा ठेचा असेल तर मात्र जपून. बुडबुडे आणि कडवटपणा तिखटाचा जाळ वाढवतात.

आता पुढे काय?

शेतकरी हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. पाण्याची सोय करणं, जमिनीत पाणी जास्त टिकेल अशा ठिकाणी मळे हलवणं आणि उष्णता, दुष्काळ सोसणाऱ्या जाती शोधणं, हे मार्ग आहेत. झातेत्समधली हॉप्स संशोधन संस्था साझच्या वंशातल्या नव्या जाती विकसित करते आहे. मात्र वेल लावण्यापासून ती बिअर गिऱ्हाइकाने स्वीकारण्यापर्यंत बरीच वर्षं जातात आणि सिंचनाला पैसा लागतो. तो खर्च शेवटी ग्लासाच्या किमतीत उतरणार.

पिल्सनर एका रात्रीत नाहीशी होणार नाही. धोका वेगळाच आहे. दरवर्षी कडवटपणा किंचित कमी, सुगंध किंचित फिका आणि पिणाऱ्यांना त्या नव्या चवीची सवय. मूळ चव कशी होती हे आठवणारेच उरले नाहीत, तर ती हरवल्याची तक्रार तरी कोण करणार?

(मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. कायद्याने ठरवलेल्या वयाखालील व्यक्तींनी मद्यपान करू नये आणि मद्यपान करून कुणीही वाहन चालवू नये. चेक प्रजासत्ताकातही वाहनचालकाच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा शून्य आहे.)