माळ कुणाचा, पगार कुणाचा?

मैत्रिणींनो, बाओटौ हे नाव कधी ऐकलंय? चीनच्या उत्तरेला, मंगोलियाच्या सीमेलगतच्या प्रांतात हे शहर आहे. नावाचा मूळ मंगोल अर्थ म्हणे 'हरणांची जागा'. एके काळी चारी बाजूंनी गवताळ माळ आणि त्यावर मेंढ्या, घोडे घेऊन फिरणारी माणसं. १९५४ साली तिथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि हरणांच्या जागी धुराडी आली. शहराच्या उत्तरेला बायान ओबो नावाची खाण आहे. मोटारीतल्या, मोबाइलमधल्या शक्तिशाली चुंबकांना लागणारी दुर्मीळ खनिजं जगात सगळ्यात जास्त तिथेच सापडतात.

आता तुम्ही म्हणाल, त्या बाओटौचं आणि आपल्या पाटोद्याचं काय नातं? आहे ना! एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा काही खनिजांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली. जुलैमध्ये बजाजच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं, की हे असंच राहिलं तर विजेवर चालणाऱ्या चेतकचं उत्पादन ऑगस्टमध्ये बंद पडू शकतं. पुढे पुरवठा थोडा सैल झाला. पण तिकडच्या माळावरची खाण अडली की इकडच्या कारखान्यातली पाळी अडते, एवढं त्यातून कळलं. आणि त्या पाळीत कोण असतं? बीड, केज, पाटोदा, आष्टीची पोरं. आता पोरीसुद्धा.

आपला तालुका म्हणजे बालाघाटचा माळच की! मांजरा नदी इथूनच निघते. नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, १९९४ सालचं. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं आणि उन्हाळ्यात नुसतं दगडाचं, असं आपलं रान. सरकारी कागदावर या रानाला म्हणतात 'पडीक'. पण ज्या बाईकडे चार शेळ्या आहेत तिला विचारा हो, पडीक कशाला म्हणतात! शेळी ही गरिबाची बँक. पोराची फी, नवऱ्याचं दुखणं, लेकीचं बाळंतपण, सगळं शेळी विकून निघतं. आणि ती शेळी वाढते गायरानावर.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवाळीनंतर चार दिवस वाळूजला जाऊन राहिले. बजाजनगरात माझी मावसबहीण असते. एसटीने बीड, गेवराई, पाचोड करत छत्रपती संभाजीनगर आणि तिथून पुढे वाळूज. गंमत बघा, या वाळूजच्या शेजारीही एक पाटोदा आहे. कर भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट देणारी ग्रामपंचायत म्हणून राज्यभर गाजलेलं. आम्ही एका पाटोद्याचे, तर रोजगार दुसऱ्या पाटोद्याच्या शिवेला.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी ही नावापुरती गावं राहिली. आता तिथे ओळीने भाड्याच्या खोल्या आहेत. एका खोलीत चौघं-पाचजणं, बाहेर प्लॅस्टिकच्या टाक्या आणि दारात मोटारसायकली. पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसगाड्या सुरू होतात. बहिणीच्या गल्लीत मी मोजलं तर दहापैकी सात घरं बीड, जालना, परभणीकडची निघाली.

शेजारच्या खोलीत केज तालुक्यातली एक बाई भेटली. आठ हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊस तोडला. आता एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. मी विचारलं, "तिकडचं बरं की इकडचं?" ती हसली. म्हणाली, "ताई, तिकडं उचल नवऱ्याच्या हातात पडायची. इथं पगार माझ्या खात्यात येतो. पाय दुखतात, पण एटीएम माझ्या पिशवीत असतं."

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. ऊसतोडीत बाईला वेगळी किंमतच नसते. नवराबायको मिळून 'एक कोयता'. उचल घेतो नवरा, फेडतात दोघं. खाडा झाला तर दंड. म्हणून पाळी नको, गर्भाशयाचं दुखणं नको, असं म्हणत बायका पिशवीच काढून टाकतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांना विचारलं, तेव्हा १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. अशा जिल्ह्यातल्या बाईला आठ तासांची पाळी आणि स्वतःच्या नावावरचा पगार मिळत असेल, तर कारखाना नको असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी तरी म्हणणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघायला हवी. पैठण रस्त्यावर बिडकीनला आणि जालना रस्त्यावर शेंद्र्याला 'ऑरिक' नावाचं नवं औद्योगिक शहर उभं राहतंय. दोन्ही मिळून सुमारे दहा हजार एकर. ७ सप्टेंबर २०१९ रोजी शेंद्र्याला पंतप्रधान आले होते. बचत गटांच्या हजारो बायका तेव्हा तिथे जमल्या होत्या. उज्ज्वला योजनेची आठ कोटीवी गॅसजोडणी त्याच कार्यक्रमात दिली गेली. २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्कर आणि एथर या कंपन्यांनी तिथे येण्याचं जाहीर केलं. म्हणजे पुढची दहा वर्षं आपल्या लेकरांची वाट तिकडेच जाणार.

बिडकीनचे रुंद, गुळगुळीत रस्ते मी पाहिले. दुतर्फा दिव्यांचे खांब, मध्येच एखादी इमारत आणि बाकी मोकळं रान. त्या रस्त्याच्या कडेला एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिला म्हटलं, "आजी, जमीन गेली का तुमची?" म्हणाली, "माझी कुठली जमीन! ज्यांची होती त्यांना पैसा मिळाला. माझ्या शेळ्यांचं रान गेलं, त्याचं कोण देणार?"

खरी गोम इथेच आहे. मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव असतं कुठे? लेकीला बापाच्या जमिनीत समान वाटा देणारी दुरुस्ती आपल्या राज्याने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये. तरी भूसंपादनाची कुणकुण लागली की भाऊ साडीचोळी घेऊन दारात उभा! "ताई, एवढी एक सही कर." ते हक्कसोडपत्र असतं. लाखोंचा मोबदला नंतर येतो, सही आधी होते. बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीने सातबाऱ्यावर लावायची 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. तिचा लाभ किती जणींनी घेतला, हे आपापल्या गल्लीत विचारून बघा.

गायरानाची गोष्ट तर आणखी अवघड. ते सरकारच्या नावावर, त्यामुळे ते गेलं तर चारणारीला काहीच नाही. आपल्या मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानं कसून पोट भरलं. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जन्म वेचला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा सरकारी निर्णयही झाला, पण पुष्कळांच्या नावावर ती जमीन आजही नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा राज्यात दोन लाखांहून जास्त बांधकामं मोजली गेली आणि नोटिसा निघाल्या. दुसरीकडे २०२३ पासून शेतीच्या सौर विजेसाठी गायरानं भाड्याने दिली जातायत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण ज्या रानाला कागदावर कुणी वाली नाही, तेच रान प्रत्येक वेळी आधी का दिसतं?

बाओटौला नेमकं हेच घडलं. खनिज धुऊन उरलेला गाळ शहराबाहेर एका अफाट तळ्यात साठत गेला. आसपासच्या खेड्यांतलं पाणी बिघडलं, पिकं आणि जनावरं गेली, शेवटी माणसं उठून गेली. शहर श्रीमंत झालं, यात शंका नाही. आणि त्याच शहराने मधोमध एक मोठा गवताळ माळ मात्र राखून ठेवलाय. लोक सुट्टीच्या दिवशी तिथे गवत बघायला जातात! गवताची किंमत शहराला कळली, पण चारणारीला तिचा उपयोग राहिला नाही.

आपल्याकडे अजून वेळ आहे. म्हणून चार गोष्टी सांगते. पहिली, आपल्या गावात गायरान किती आणि कुठल्या गटात, हे तलाठ्याकडून लिहून घ्या. राज्याच्या महसूल कायद्यात गायरान दुसऱ्या कामाला द्यायला साधारणपणे मनाई आहे. सार्वजनिक कामासाठी अपवाद असतो, तेव्हा तो अपवाद कुठला ते विचारा. दुसरी, ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. ती कागदावर होऊ देऊ नका. तिसरी, जमीन जाणार असेल तर ती कुठल्या कायद्याखाली, हे आधी विचारा. २०१३ च्या केंद्राच्या कायद्यात जमीन नसलेल्या शेतमजुरांनाही, उपजीविका त्या जमिनीवर असेल तर, 'बाधित कुटुंब' मानलंय. एमआयडीसीचं संपादन मात्र १९६१ च्या वेगळ्या कायद्याने होतं. चौथी, पोरगी कारखान्यात जाणार असेल तर ठेकेदाराचं नाव, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य विम्याचं कार्ड पहिल्याच महिन्यात मागायला शिकवा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यांत बाईला रात्रपाळी देताना तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते, हेही तिच्या कानावर घाला.

वाळूजच्या त्या शेजारणीने दोन शेळ्या अजून गावी सासूकडे ठेवल्यात. कारखान्यातलं काम ठेकेदाराच्या मर्जीवर असतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिला पगारही हवाय आणि गायरानही. एक घ्यायचं तर दुसरं सोड, असं तिला सांगायचा अधिकार कुणी कुणाला दिला, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत आपणच उभं राहून विचारायचाय.