लोगो काढायचाय? मोरपिसं राहू द्या
आपल्या आदिलाबादकडे नवा बँड किंवा गाण्याचं चॅनल सुरू झालं की लोगोसाठी पटकन सुचतो तो गुसाडी नाचातला मोरपिसांचा टोप. दिसतो झकासच. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ साली याच नाचासाठी पद्मश्री मिळाली. पण गोंडांच्या दंडारीत तो टोप नेम पाळून डोक्यावर चढतो. आपण गझल गाणार आणि टोप त्यांचा, हे काही बरं नाही.

उसनवारी रोलिंग स्टोन्सनेही केली. मिक जॅगरने कालीमातेचं चित्र दाखवलं, त्यावरून १९७० साली जॉन पॅश या विद्यार्थ्याने नुसते ओठ आणि जीभ काढली. देवीचं चित्र उचललं नाही. बंडखोर गाण्याला शोभेल तेवढंच घेतलं.

आपला खरा पेच लिपीचा. पोस्टर मराठीत लागतं, तेलुगूतही. देवनागरीला शिरोरेघ, तेलुगू अक्षरं गोल. एकीला दुसरीसारखं वळवायला गेलात की दोन्ही वाचवत नाहीत. म्हणून खूण अक्षरांविना ठेवा, शेजारी नाव दोन्ही लिपींत सारख्या जाडीचं. मराठीसाठी ‘मुक्ता’ फाँट फुकट मिळतो.

मग खूण नखाएवढी करून, गोलात, नुसत्या काळ्या रंगात बघा. ढोलकी, सूर्य, गिटार सगळं कोंबलं असेल तर डाग दिसेल. मूळ फाइल एसव्हीजीच ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला जेपीजी बॅनरवाल्याला दिलात, तर मोठा करताना त्याच्या कडा फाटतात.